बेळगावच्या टिळकवाडीतली फ्रेझल व्हर्ब्जची संध्याकाळची बॅच: पैसे वसूल, पण गाडी कुठं लावायची ते आधी बघा

आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी मला शिव्या घालायला नको, हा नेहमीचा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाहीये. टेन्सपासून सुरुवात नाही, आरशासमोर उभं राहून कॉन्फिडन्स वाढवा असली भानगड नाही, तीस दिवसांत फाडफाड इंग्लिश तर अजिबात नाही. दोन महिने फक्त फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे पुट ऑफ, लुक इन्टू, रन आउट, होल्ड अप असली जी दोन-दोन तीन-तीन शब्दांची क्रियापदं असतात ती, बस्स. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते सव्वाआठ, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला एका घराच्या माडीवर. शिकवणाऱ्या मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, मूळच्या खानापूरकडच्या. नाव कुठं टाकू नका म्हणाल्यात म्हणून टाकत नाही. क्लासला बोर्डपण नाही, त्यामुळं बोर्डावर कन्नड किती आणि मराठी किती हा आपल्याकडचा कायमचा प्रश्न तिथं आपोआपच मिटलाय. फी दोन महिन्यांची 2400 रुपये, झेरॉक्स त्यातच.

मी उद्यमबागला, म्हणजे इथल्या इंडस्ट्रियल एरियात, एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. एसएसएलसी म्हणजे दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढं डिप्लोमा. इंग्रजी वाचायला मला अडत नाही, ड्रॉइंग, स्टँडर्ड, ऑडिट रिपोर्ट सगळं रोजचंच आहे. घोळ होतो तो कॉलवर. कस्टमर बोलायला लागला की एकेक शब्द पाचवीतला असतो, पुट, लुक, गेट, टेक, ऑफ, अप, इन, एकही शब्द नवीन नाही, आणि तरी सगळं मिळून तो काय म्हणाला ते कळत नाही. पोस्टपोन म्हणाला असता तर झटक्यात कळलं असतं, इन्व्हेस्टिगेट म्हणाला असता तर कळलं असतं, टॉलरेट तर आपण शाळेत वाक्यात उपयोग करून पाठ केलेला शब्द. पण तो पुट ऑफ म्हणतो, लुक इन्टू म्हणतो, पुट अप विथ म्हणतो. आपल्याला शाळेत मोठमोठे जड शब्द आधी शिकवले आणि घरातले साधे शब्द राहूनच गेले. उलटं करून बघा, एखाद्या परदेशी माणसाला मराठी शिकवलं, पण सगळं पेपरातलं, ‘कार्यक्रम स्थगित करण्यात आला’, ‘चौकशी करण्यात येईल’, आणि मग त्याला गणपत गल्लीत सोडलं आणि तिथं कुणीतरी म्हणालं की लग्न पुढं ढकललं, तर तो बिचारा इकडं तिकडं बघेल की कुणी ढकललं आणि कुठल्या उतारावरनं. आपली कॉलवर अगदी तीच गत होते.

आणि हा त्रास काय आजचा नाही. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली इंग्रजीची जी मोठी डिक्शनरी काढली त्याच्या प्रस्तावनेतच त्यानं लिहून ठेवलंय, क्रियापदाच्या मागं एक छोटा शब्द लावून अर्थ बदलायची ही जी आमची सवय आहे त्याचा परक्या माणसांना सगळ्यात जास्त त्रास होतो म्हणून. फ्रेझल व्हर्ब हे नाव मात्र खूप नंतरचं, 1925 च्या सुमाराला लोगन पिअरसल स्मिथ या लेखकानं ते रूढ केलं, त्याला ते हेन्री ब्रॅडली या डिक्शनरीवाल्यानं सुचवलं होतं. हे ऐकून मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला म्हणजे अडीचशे वर्षं माहीत हाय आणि तरी बदलले नाहीत. मॅडम म्हणाल्या, तुम्ही काय बदललासा सांगा की.

क्लास लावायच्या आधी मी एक ॲप घेतलं होतं, नाव सांगत नाही. रोज दहा फ्रेझल व्हर्ब्ज, फ्लॅशकार्ड, बरोबर आलं की टुणकन आवाज आणि हिरवी टिकमार्क. प्रॉब्लेम असा की त्यांनी सगळं क्रियापदाप्रमाणं लावलेलं. आज गेट, म्हणजे गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट थ्रू, गेट अवे, गेट अराउंड, सगळे एका दिवशी, आणि एकाच चेहऱ्याची दहा भावंडं एकदम समोर उभी केली तर नावं कशी ध्यानात राहणार. गेट ओव्हर आणि गेट थ्रू मधला फरक मला त्या ॲपमुळं कळायचा सोडून जो होता नव्हता तोपण गेला. वर ट्रायल संपल्यावर पैसे आपोआप कटले आणि कॅन्सलचं बटण सेटिंगच्या आत कुठंतरी पाताळात. असो.

मॅडमची पद्धत याच्या बरोबर उलट आहे, त्या क्रियापद धरत नाहीत, मागचा छोटा शब्द धरतात. एक आठवडा आउट, एक आठवडा अप, मग ऑफ आणि ऑन जोडीनं, शेवटी इन, डाउन, ओव्हर. आणि सुरुवात आपल्याला आधीच माहीत असलेल्या शब्दापासून. आउटच्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिला, रनआउट, आणि बसून राहिल्या, सांगा म्हणाल्या. बॅचमध्ये अर्धे उद्यमबाग-मच्छे साइडचे, त्यामुळं पहिलं उत्तर मशीनवालंच आलं, जॉब म्हणजे मशीनवरचा पार्ट चकच्या पकडीत धरायचा, मोजायचा डायल लावायचा, हातानं फिरवायचा आणि काटा जेवढा हलला तेवढा रनआउट. दुसरं उत्तर अर्थातच क्रिकेट. मॅडमना दोन्ही माहीत होतं. मग त्यांनी खाली वाक्य लिहिलं, ‘वुई हॅव रन आउट ऑफ इन्सर्ट्स’, आणि विचारलं इथं काय फिरतंय आणि कोण धावतंय. इन्सर्ट, म्हणजे टूलला लावायचे धारेचे छोटे तुकडे, संपलेत एवढाच अर्थ. तिथनं पुढं मग सोल्ड आउट, वोर्न आउट, बर्न आउट, वाइप आउट, सगळीकडं आउट म्हणजे संपलं, शिल्लक काही नाही. टूल वोर्न आउट झालंय हे तर आम्ही रोज बोलतो, फक्त ते एकटं एकटं माहीत होतं, रनआउटशी त्याचं काही नातं असेल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग आउटचा दुसरा डबा, जे लपलेलं होतं ते बाहेर आलं: फाइंड आउट, पॉइंट आउट, फिगर आउट, टर्न आउट. ऑडिटर पॉइंट आउट करतो, आपण रूट कॉज फाइंड आउट करतो, आणि शेवटी इट टर्न्स आउट की गेजच खराब होतं. तिसरा डबा वाटायचा, हँड आउट, गिव्ह आउट. आणि मग त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की सगळे आउट या तीन डब्यांत बसत नाहीत, वर्क आउट म्हणजे व्यायामपण, हिशोब करणंपण आणि जमून येणंपण, मेक आउट तर अजून भलतीकडंच, जे बसत नाहीत ते निमूट पाठ करायचे. हे मला आवडलं. बाकीचे लोक एक तर सगळं लॉजिक आहे म्हणतात किंवा सगळं पाठ करा म्हणतात. इथं निम्म्याला कारण मिळतं आणि उरलेल्याला नाही, आणि कुठल्याला नाही हेपण सांगतात.

अपचा आठवडा माझ्या मते सगळ्यात भारी. अप म्हणजे वर असं आपण धरून बसतो, पण ईट अप मध्ये काय वर जातं? मॅडम म्हणाल्या, पोराला ताटातलं संपवायला काय सांगता. खाऊन टाक. मग टाक म्हणजे काय, कुठं टाकायचं? वर्ग गप्प. आपल्या मराठीत खाऊन टाक, लिहून टाक, विकून टाक यात टाकायचं काहीच नसतं, काम पुरं कर एवढाच अर्थ, आणि तेच काम इंग्रजीत अप करतो, ईट अप, यूज अप, क्लीन अप. बैलहोंगलचा एक पोरगा शेजारी बसायचा, त्याच्याकडं बघून म्हणाल्या कन्नडात सांग, तो म्हणाला तिंदु बिडु. बिडु म्हणजे सोड. म्हणजे मराठी टाकतो, कन्नड सोडतो आणि इंग्रज वर करतो, आणि तिघांच्याही ताटात काही शिल्लक राहत नाही. त्याच ओघात करून बघ आणि माडि नोडु, दोन्हीकडं बघायचं म्हणजे डोळ्यानं नाही, प्रयत्न करून, आणि इंग्रजीत ट्राय आउट. हे असलं पुण्याच्या कुठल्या क्लासात मिळणार नाही, त्याला दोन्ही भाषा घरात ऐकलेला माणूसच पाहिजे. बाहेर मोर्चे आणि दगडफेक काय व्हायची ती होऊ दे, त्या माडीवर मराठी पोरं कन्नडातनं आणि कन्नड पोरं मराठीतनं इंग्रजी शिकतात आणि कुणाला त्याचं काही विशेष वाटत नाही.

आता येतो सगळ्यात कामाच्या गोष्टीकडं, म्हणजे मधे काय घालायचं आणि काय नाही. टर्न ऑफ द मशीन चालतं, टर्न द मशीन ऑफ पण चालतं, पण इट आलं की टर्न इट ऑफच म्हणायचं, टर्न ऑफ इट चालत नाही. आणि लुक आफ्टर मध्ये मात्र मधे कुणालाच जागा नाही, लुक आफ्टर इट, लुक आफ्टर द मशीन, विषय संपला. पुस्तकात हे सेपरेबल इनसेपरेबल म्हणून एका चौकटीत असतं आणि आपण ती चौकट वाचून पुढं जातो. मॅडमनी स्केचपेननं कागदावर शब्द लिहिले आणि आम्हालाच हातात कागद देऊन ओळीत उभं केलं. एकजण टर्न, एकजण ऑफ, मी द मशीन, आणि इट कोण तर आमच्या बॅचमधले रिटायर्ड सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले आणि आता एका कॉलेजला सिक्युरिटी बघतात. मला कुठंही उभं राहायची मुभा, मधे राहा नाहीतर शेवटी जा. सुभेदारसाहेब मात्र फक्त मधे. स्विच ऑफ, पुट ऑफ, कॉल ऑफ, फिल इन, क्रियापदं बदलत गेली आणि साहेब दरवेळी मधे येऊन उभे. मग मॅडमनी गुपचूप लुक आणि आफ्टरचे कागद वाटले. साहेब सवयीनं परत मधे. ‘साहेब, आता मागं जावा की, इथं मधे शिरायला मिळत नाही.’ साहेब मागं गेले आणि म्हणाले, माझी पोस्टिंग एकदा लेखी द्या. आता मला ईमेल लिहिताना इट आलं की साहेबच दिसतात आणि हात आपोआप बरोबर जागी जातो, खोटं नाही सांगत.

घरी तपासायचं असेल तर ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीची साइट फुकट आहे, तिथं फ्रेझल व्हर्ब बघितलं की समथिंग या शब्दाच्या शेजारी दोन्ही बाजूंना टोकं असलेला एक छोटा बाण असतो. बाण असला म्हणजे ती वस्तू मधे पण चालते आणि मागं पण. बाण नसला की गप्प ज्या क्रमानं दिलंय त्याच क्रमानं लिहायचं. हा बाण मी वर्षानुवर्षं बघत होतो आणि ती डिझाइन असेल असं समजत होतो.

उच्चाराचा भाग थोडक्यात. सेटअप हे नाव असेल तर जोर पहिल्यावर, सेट-अप करायचं असेल तर जोर अपवर. ब्रेकडाउन, चेकअप, टेकऑफ, लॉगिन सगळ्यांचं तसंच, आणि लिहिताना नाव असेल तर जोडून किंवा मधे रेघ देऊन, क्रियापद असेल तर तोडून. आपण दिवसभर ‘सेटअप केला’, ‘मशीन ब्रेकडाउनला आहे’, ‘फॉलोअप घेतो’ असंच बोलतो, म्हणजे नावंच वापरतो आणि त्याला आपलं करणं-घेणं लावतो, म्हणून इंग्रजीत क्रियापद करायची वेळ आली की जीभ अडते. मॅडम बाकावर हात मारून जोर दाखवायला लावतात, सगळा वर्ग धपाधप बाक बडवतो, खालच्या मजल्यावर सिरीयल बघणाऱ्या त्यांच्या सासूबाईंची मला काळजी वाटते.

मग आपलं स्वदेशी इंग्लिश. बायोडाटात आपण सगळे लिहितो, पास्ड आउट इन अमुक साली. बाहेरच्या माणसाला पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडला असं वाटतं. यावर सुभेदारसाहेब खवळले, आमची इथंच बेळगावच्या सेंटरला पासिंग आउट परेड झालीय, तिथं कोण चक्कर येऊन पडलं होतं? मॅडम म्हणाल्या तुमचं बरोबर आहे, लष्करी ट्रेनिंग पूर्ण करून बाहेर पडणं हा ब्रिटिश इंग्रजीतला पक्का वापर आहे, कॉलेजला तो लागू नाही, कॉलेजसाठी ग्रॅज्युएटेड लिहा. तसंच फॉर्म फिल अप. बँकेत, तहसीलला, आधारच्या रांगेत सगळीकडं फिल अपच चालतं. ब्रिटिश फिल इन म्हणतात, अमेरिकन फिल आउट, आणि फिल अप म्हणजे पेट्रोलची टाकी. कोप अप विथ मधला अप आपण घरचा घातलाय, नुसतं कोप विथ. आणि ईमेलच्या शेवटी लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू, तिथं हिअरिंग पाहिजे. याची त्यांनी सोपी युक्ती दिली, टुच्या पुढं युअर रिप्लाय बसतंय का बघा, बसलं म्हणजे तिथं नाव चालतं, आणि नाव चालतं तिथं क्रियापद घालायचं असलं तर आयएनजी लावूनच. चांगली गोष्ट म्हणजे त्या कुणाला हसत नाहीत. बेळगावात फिल अप म्हणा, सगळ्यांना कळतं, जर्मनीला लिहिताना मात्र फिल इन लिहा, एवढंच.

होमवर्क असं की प्रत्येक क्रियापदाचं एक वाक्य, पण स्वतःच्या कामातलं किंवा घरातलं. पुट ऑफ बरोबर पुढं ढकलणे एवढं लिहून आणलं तर त्या वही परत देतात, काय ढकललं ते लिहा, ट्रायल, मीटिंग, साखरपुडा. कारण कशाला काय जोडतात हेच खरं शिकायचं असतं. शिवाय पुट ऑफचा दुसरा अर्थ मन उडणं, वासानंच माझं जेवणावरनं मन उडालं या अर्थी, तो पहिल्याशी बांधून पाठ करता येत नाही. निपाणीहून येणाऱ्या एकानं गिव्ह अपचं वाक्य आणलं होतं तंबाखूवर. निपाणीत बसून गिव्ह अपला दुसरं उदाहरण आणलं असतं तरच नवल. मॅडमनी तेच वाक्य चिकटवून घेतलं, गिव्ह अपच्या पुढं परत आयएनजी, गिव्ह अप च्युइंग टोबॅको. तंबाखू सुटली का ते त्यानं सांगितलं नाही.

आणि एक, सगळीकडं फ्रेझल व्हर्ब्ज कोंबत सुटू नका असं त्या स्वतःच बजावतात. कॉलवर लुक इन्टू, रिपोर्टमध्ये इन्व्हेस्टिगेटेड. कस्टमरला जाणाऱ्या करेक्टिव्ह ॲक्शनच्या रिपोर्टमध्ये ‘वुई आर सॉर्टिंग इट आउट’ लिहिलं तर उडवाउडवी केल्यासारखं दिसतं. कॅरी आउट मात्र दोन्हीकडं चालतं, इन्स्पेक्शन वॉज कॅरीड आउट हे एकदम ऑफिशियल आहे.

आता फायदा झाला का. झाला, पण कानापेक्षा डोळ्याला आणि हाताला जास्त. ईमेल वाचायला आणि लिहायला स्पष्ट फरक पडलाय. कॉलचं एक उदाहरण सांगतो. एका पार्टमध्ये ब्लोहोल (ओतकामात राहिलेली पोकळ भोकं) सापडले होते म्हणून कस्टमरबरोबर कॉल होता, आणि बोलता बोलता तो म्हणाला, लेट्स होल्ड ऑफ ऑन द सेकंड लॉट अंटिल वुई हॅव सॉर्टेड धिस आउट. तेवढ्यात आमच्या प्लॅनिंगवाल्यानं कॉल म्यूट केला आणि कुजबुजला, ‘होल्ड ऑफ अंद्र एन्री?’, म्हणजे होल्ड ऑफ म्हणजे काय हो. त्याला होल्ड ऑन माहीत होतं, ऑनचं ऑफ कसं झालं ते कळेना, आणि खाली दुसऱ्या लॉटची पेटी पॅक होऊन डिस्पॅचला उभी. ऑन म्हणजे चालू किंवा धरून ठेवलेलं, कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन, होल्ड ऑन. ऑफ म्हणजे तोडलेलं, लांब केलेलं, कट ऑफ, कॉल ऑफ, पुट ऑफ, होल्ड ऑफ. म्हणजे हे मिटेपर्यंत दुसरा लॉट पाठवू नका. पेटी थांबवली. त्याच कॉलवर पुढं त्याचा अमेरिकन सहकारी भराभर काहीतरी बोलला त्यातलं मला निम्मं कळलं नाही, हेपण सांगायला पाहिजे.

कारण क्लासचा खरा वीक पॉइंट तोच आहे, ऐकण्याची प्रॅक्टिस कमी. गोरे लोक पुट इट ऑफ असं तीन शब्दांत बोलतच नाहीत, पुटिटॉफ असा एकच गोळा येतो, टेक इट आउटचं टेकिटाउट होतं. फळ्यावर ओळखू येणारं क्रियापद फोनवर ओळखूच येत नाही. मॅडमनी यावर एक तास घेतला, स्पीकरवर ऑडिओ लावले, पण तेपण सगळे स्वच्छ ब्रिटिश उच्चारातले. आमचे कस्टमर जर्मन, जपानी, अमेरिकन. मी मॅडमना सांगितलंय की निदान पंधरा मिनिटं रोज ऐकवा, बघू म्हणाल्यात.

बाकी तक्रारी. झेरॉक्स नोट्स इतक्या फिक्या की काही ठिकाणी इन आहे का ऑन ते अंदाजानं वाचायचं, आणि हा असा विषय आहे की तिथं अंदाज चालत नाही. बॅच एकच असल्यामुळं लेव्हलचा मेळ नाही, परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएसची तयारी करणारी एक नर्स पुढं पळत असते आणि फौंड्रीतले दोघं अजून मागच्या तासात असतात, मॅडम दोघांना सांभाळतात पण त्यात वेळ जातो. एखादी गोष्ट मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडं सांगावी लागली की अजून वेळ जातो, त्याला माझी हरकत नाही, पण ज्याला घाई आहे त्याला होईल. बी शिफ्टवाल्यांची, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या लोकांची, पंचाईत आहे, शिफ्ट बदलली की अख्खा आठवडा बुडतो, आणि रेकॉर्डिंग करू देत नाहीत. मी म्हटलं मॅडम निदान फळ्याचा फोटो तरी, तर म्हणाल्या फोटो काढलेला कोण परत बघतंय. यात त्यांचं चुकतं असं मला वाटतं, शिफ्टवाला माणूस बघेल की.

पार्किंग म्हणजे डोक्याला ताप. गल्ली अरुंद, दोन टू-व्हीलर समोरासमोर लागल्या की तिसऱ्याला रस्ता नाही, शेजारचे आजोबा सव्वासातला बरोबर गॅलरीत येऊन कुणाची गाडी आहे ही म्हणून ओरडतात. मी आता गाडी मेन रोडला लावून चालत जातो. बसनं येणार असाल तर आरपीडीच्या स्टॉपला उतरून चालत या, निपाणी, खानापूरहून येणाऱ्यांनी परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवा, सव्वाआठ म्हणता म्हणता साडेआठ होतात. उन्हाळ्यात वर पत्र्यामुळं भट्टी होते, दोन पंख्यांतला एक नुसता आवाज करतो.

कुणी लावावा? ज्याला वाचून इंग्रजी येतं पण बोलणाऱ्याचं कळत नाही त्यानं डोळे झाकून लावावा. आयईएलटीएसवाल्यांनी लावावा पण त्याच्याच भरवशावर राहू नये. ज्याचं अजून हॅज आणि हॅवचं चाललंय त्यानं आधी साधा क्लास करावा, इथं त्याची फरफट होईल. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांना मार्कांसाठी याचा तसा उपयोग नाही, पुढं होईल. माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापलाय तो ऐकण्याच्या प्रॅक्टिससाठी. झेरॉक्ससाठी अर्धा अजून कापणार होतो पण मॅडम चहा देतात.

पुढची बॅच गणपती झाल्यावर सुरू होणार आहे. पैसे एकदम भरावे लागतात, परत मिळत नाहीत, म्हणून आधी एक तास फुकट बसून बघा, त्या बसू देतात. आणि गल्लीत त्या आजोबांच्या गेटसमोर गाडी लावू नका, नाहीतर आम्हा सगळ्यांनाच ऐकून घ्यावं लागतं.